उद्याचे माहीत नसताना

मृगाचा पहिला पाऊस झाला की कोरडवाहू शेतकरी घरात होते नव्हते ते बियाणे मातीत टाकून मोकळा होतो. पुढचे त्याच्या हातात नसते. पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी, तीही गेली तर पुन्हा कर्ज. नेमक्या याच दिवसांत, ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि दुसऱ्या दिवशी आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते. पेरणी उरकलेली माणसे शिवार मागे ठेवून अडीच-तीन आठवडे पंढरीच्या वाटेला लागतात. वर्षाचे सगळे गणित अधांतरी असताना हे लोक टाळ वाजवत चालतात कसे, असा प्रश्न शहरातल्या माणसाला पडतो. पण दिंडीत चार मुक्काम केले की कळते, काळजी त्यांच्यासोबतच चालत असते. "तुमच्याकडं पडला का?" हा प्रश्न विसाव्याच्या ठिकाणी हमखास कानावर येतो. रात्री मुक्कामावर घरी फोन लागतो, उगवण कशी झाली याची चौकशी होते. आणि पहाटे पुन्हा चालणे सुरू होते.

पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक नसताना देवावरचा विश्वास ढळू न देणे म्हणजे नेमके काय? भीती न वाटणे? सगळे आपल्या मनासारखेच होईल अशी खात्री बाळगणे? मराठी मुलखात या प्रश्नाची उत्तरे सातशे वर्षांहून अधिक काळ दिली जात आहेत. ती कीर्तनातून दिली गेली, दुष्काळात दिली गेली, आणि वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांनी दिली. ती एकत्र मांडून पाहिली तर मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्यांची निष्ठा खरोखर टिकली त्यांना उद्याचे काहीही कळलेले नव्हते, आणि ते आधी कळावे असा त्यांचा हट्टही नव्हता.

हा हट्ट मात्र आपल्याकडे जुना आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. पाषाणावर उजवी-डावीकडे तांदळाचे दाणे किंवा फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा आणि थांबायचे. उजवीकडची आधी सुटली तर होकार, डावीकडची सुटली तर नकार. लग्न जमवावे का, जमीन विकावी का, परमुलखात नोकरीला जावे का, सगळे देवाला विचारून. मी या प्रथेकडे तुच्छतेने पाहू शकत नाही. गाऱ्हाणे घालणारा एकेका घराचे दुखणे मोठ्याने सांगतो आणि भोवतीची मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात, तेव्हा एका घराची भीती अख्ख्या वाडीची होते. हा आधार खरा आहे. पण कौलात माणूस देवाकडे माहिती मागतो आणि नवसात तो देवाशी करार करतो. दोन्हींचे मूळ एकच, पुढचे आजच पक्के व्हावे ही ओढ. ती माणसाची आहे, समजण्यासारखी आहे. फक्त तिला अढळ विश्वास म्हणता येत नाही. उत्तर मिळाल्यावर टाकलेल्या पावलाला विश्वास तो कितीसा लागणार?

वारकरी पंथाने ही वाट जाणूनबुजून सोडली. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्याने विठोबाकडे मागायचे ते नाम आणि संतांची संगत. पीक, पोर, पैसा यांची यादी घेऊन पंढरीला जायचे नाही. प्रत्यक्षात लाखो लोक मनात काहीतरी मागतच असतील, तरी पंथाची शिकवण मागण्याच्या विरोधात आहे हे महत्त्वाचे. आणि या शिकवणीची कसोटी ज्यांच्यावर सर्वांत कठोरपणे लागली ते तुकोबा.

1630 च्या सुमारास दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. देहूच्या या वाण्याच्या घरात महाजनकी होती, सावकारी होती. दुष्काळात पहिली बायको रखमाबाई गेली, मुलगा संतू गेला, दुकानाचे दिवाळे निघाले. आईवडील त्याआधीच गेले होते. अशा माणसाने उरलेसुरले घट्ट धरून ठेवले असते तर त्याला कुणी नावे ठेवली नसती. त्याने धाकट्या भावाला, कान्होबाला, कर्जखतांतला त्याचा वाटा दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. उद्याची म्हणून जी काही हमी हातात होती तीच त्याने सोडली. त्या खतांच्या दुसऱ्या टोकाला देहू पंचक्रोशीतली कुळे होती, दुष्काळाने तीही खंगलेली होती, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. तुकोबांच्या देवावरच्या भरवशाचा पहिला लाभ त्यांच्या ऋणकोंना झाला.

पण तुकोबांची निष्ठा डगमगली नाही म्हणजे त्यांच्या मनात कालवाकालव झाली नाही, असे कुणी समजू नये. गाथेत शंका आहे, रडणे आहे, देवाशी सरळ भांडण आहे. नामदेव विठ्ठलावर रुसतात, जनाबाई त्याला शिव्या घालते. आपल्या भक्तिपरंपरेने हे सगळे देव्हाऱ्यात ठेवले, लपवले नाही. म्हणून "श्रद्धा आहे तर रडतोस कशाला?" असे जो म्हणतो त्याने संत वाचलेले नाहीत, असे मी ठामपणे म्हणेन. भांडण ज्याच्याशी करायचे तो समोर आहे, ऐकतो आहे, हे धरूनच माणूस भांडतो.

याच घरात आणखी एक बाई होती, जिजाई, लोकांच्या तोंडी आवली. तिच्या वाट्याला चूल आली आणि उपाशी पोरे आली. ती विठ्ठलाला बोल लावायची, हे कीर्तनात हशा पिकवण्यासाठी सांगितले जाते. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. घरातल्या एकाने देवावर हवाला ठेवला की पिठाच्या डब्याची काळजी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडते. ती काळजी वाहणारे माणूस कमी श्रद्धेचे, असा निवाडा आपण फार सहज करतो. तुकोबा गेले तेव्हा आवली गरोदर होती. पुढे जन्मलेल्या त्या मुलाने, नारायण महाराजांनी, 1685 मध्ये देहूहून पालखी सुरू केली. आजची पालखी आवलीने वाढवलेल्या पोराची आहे.

तुकोबांच्याही आधीची मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा प्रत्येक कीर्तनकाराला पाठ असते. बिदरच्या बादशहाचे हे अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे उपाशी लोकांना मोकळी केली. पुढे विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन बिदरला गेला आणि त्याने धान्याची किंमत चुकती केली, असे कथा सांगते. कीर्तनात सगळा रंग या चमत्कारावर चढतो. पण कथेचा क्रम पाहा. कोठाराचे कुलूप आधी उघडले. पैसे कोण भरणार, की मान जाणार, हे त्या क्षणी दामाजीला माहीत नव्हते. चमत्कार झाला नसता तरी ती माणसे जेवलेली होतीच.

आता ज्या आयुष्यात हा सगळा प्रश्न दोन्ही बाजूंनी जगला गेला त्याकडे येतो. पंडिता रमाबाई 1858 मध्ये जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान, बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवण्याबद्दल समाजाचा रोष पत्करलेले. कर्ज होऊन घरदार गेले, आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. देवावर त्यांचा भरवसा पूर्ण होता. होते नव्हते ते व्रते, अनुष्ठाने आणि दानधर्मात गेले. मग 1870 च्या दशकातला मद्रासकडचा दुष्काळ आला. भांडी गेली, दागिने गेले. शास्त्र्याच्या घराला मजुरीची सवय नव्हती, भीक मागणेही जमत नव्हते. जंगलातला पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. वडिलांनी जलसमाधीचा विचार केला, तेव्हा थोरला भाऊ म्हणाला की मी मोलमजुरी करतो. पण उशीर झाला होता. वडील गेले, लगोलग आई गेली, मग थोरली बहीण. हे सगळे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे.

भाऊबहीण चालत चालत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावींशी लग्न झाले आणि 1882 मध्ये पतीही गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी कडेवर लेक मनोरमा आणि मागे एवढे मरण. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. धर्मांतरावरून पुण्यात उठलेले वादळ सर्वांना माहीत आहे, त्यात इथे शिरत नाही.

1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली. स्वतः उपासमार भोगलेली ही बाई तिकडे गेली आणि शेकडो मुली घेऊन आली. पुण्यात प्लेग सुरू झाला होता, एवढ्या मुली शहरात ठेवणे शक्य नव्हते. दौंड तालुक्यातल्या केडगावला घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तीच त्यांची 'मुक्ती' संस्था. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी शारदा सदनला दहा वर्षांसाठी मदत कबूल केली होती, ती मुदत 1898 मध्ये संपणार होती. म्हणजे पैशाची वाट बंद होत असतानाच या बाईने खाणारी तोंडे वाढवली. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत सुमारे दोन हजार माणसे होती.

रमाबाईंसमोर ब्रिस्टॉलच्या जॉर्ज म्युलरचे उदाहरण होते. त्याने 1836 पासून अनाथालये चालवली आणि नियम केला की कुणाही माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे मागायचे. 1898 मध्ये तो वारला तोवर त्याच्या आश्रयाखालून दहा हजारांच्या आसपास मुले गेली होती. त्याच्या विश्वासाच्या गोष्टी भाविक आवडीने सांगतात. पण म्युलर पै-पैचा हिशोब ठेवायचा आणि दरवर्षी तो छापायचा, हे त्यांनी तितक्याच आवडीने सांगायला हवे. असे अहवाल वाचून लोक मदत करतात, तेव्हा तीही मागण्याचीच एक रीत झाली, असा आक्षेप घेता येईल. तो बिनबुडाचा नाही. तरी देवाच्या नावाने आलेल्या पैशाचा हिशोब जगापुढे ठेवणे मला भक्तीचाच भाग वाटतो.

मुक्तीत हे चित्र अधिक ठळक झाले. रमाबाई प्रार्थना करीत, आणि विहिरी खणत, फळझाडे लावत. मुली शेतात राबत, विणकाम करीत, तेलाचा घाणा चालवत, छापखान्यात खिळे जुळवत. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई, त्याची जबाबदारी मनोरमाने उचलली होती. ज्या घरात विश्वास पूर्ण होता पण हातांना काम करायला मज्जाव होता, ते घर भुकेने संपले. त्याच घरातून वाचलेल्या मुलीने जिथे विश्वास ठेवला तिथे हजारो हात कामाला लागले. रमाबाईंच्या मते फरक देवात होता, आपल्या आईवडिलांनी चुकीच्या दाराशी धरणे धरले असे त्या मानत. विठोबाच्या भक्ताला हे पटणार नाही आणि पटायलाच हवे असेही नाही, कारण दामाजीचे हात त्याच्या देवाने बांधले नव्हते. मला फरक दिसतो तो हातांच्या बाबतीत. आणि तरीही अनंतशास्त्र्यांना मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुलीच्या हाती संस्कृत ग्रंथ देताना त्यांनी जगाचा विरोध पचवला होता, पुढे काय होईल हे माहीत नसतानाच.

रमाबाईंना सुखाचा शेवट मिळाला, असेही नाही. उत्तराधिकारी म्हणून तयार केलेली मनोरमा 1921 मध्ये आईच्या आधी गेली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलाचे काम रमाबाईंनी पुरे केले आणि 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या. तो ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. देवावर विश्वास ठेवला म्हणून लेक वाचली नाही. विश्वासाच्या नावाखाली यश विकणाऱ्यांनी हे आयुष्य जरूर वाचावे.

मराठी ख्रिस्ती परंपरेतले दुसरे घर रेव्हरंड टिळकांचे. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. पुढे काय, याची चिंता त्यांनी देवावर सोपवली. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' वाचताना मात्र आवलीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आलेला पैसा वाटून टाकणारा नवरा, आणि संध्याकाळच्या जेवणाची जुळवाजुळव करणारी ती. लक्ष्मीबाई हे कुरकुर न करता सांगतात, नवऱ्यावरचे प्रेमही लपवत नाहीत. टिळकांच्या विश्वासाचा निम्मा भार त्यांनी उचलला होता, हा माझा निष्कर्ष.

इतर परंपरांचा धावता उल्लेख तरी हवाच. अलिबागेकडचे बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे आपले ज्यू, लग्न, प्रवास, आजारपण अशा वळणांवर एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. पोहे, गूळ, नारळ आणि फळांचे ते ताट घराला धीर देते. इस्लाममध्ये 'तवक्कुल' म्हणजे अल्लावर भिस्त ठेवणे ही मोठी शिकवण, आणि तिच्यासोबतच पैगंबरांनी एका माणसाला आधी उंट बांधून ठेवायला सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. समर्थांनी दासबोधात प्रयत्नाला देवाइतके उंच स्थान दिले. विनोबांची भूदानयात्रा 1951 मध्ये पोचमपल्लीत सुरू झाली आणि 1956 मध्ये त्यांनी चळवळीला निधीचा आणि समित्यांचा आधार सोडायला लावला. लोकांवर आणि ईश्वरावर सोडलेला तो डाव पुरता यशस्वी झाला असे म्हणता येत नाही. मिळालेल्या लाखो एकरांतली बरीच जमीन पडीक किंवा वादातली निघाली, आणि वाटपासाठी माणसे व व्यवस्था कमी पडली. मी विनोबांना फार मानतो, पण इथे हिशोबाची वही सोबत असायला हवी होती.

देवच नको म्हणणाऱ्यांचाही विचार केल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही. आगरकरांनी माणसाच्या दुःखाचे उत्तर माणसाच्या बुद्धीत शोधायला सांगितले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी भीतीचा धंदा करणाऱ्या बाबाबुवांविरुद्ध आयुष्य वेचले, 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भाविकांनी या कायद्याला घाबरण्याचे कारण नव्हते. ज्याला उद्याचे कळल्याचा दावा करायचा नाही, त्याचे त्या कायद्यात काहीच अडत नाही. महात्मा फुले तर निर्मिकाला, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्याला, मानणारे. 1888 मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहून काढले. ते पुस्तक 1891 मध्ये, ते गेल्यानंतर, छापले गेले. कुठल्याही भटजीशिवाय आणि नवसाशिवाय निर्मिकावर ठेवलेली ही निष्ठा मला या सगळ्या यादीत फार वरची वाटते. सावित्रीबाई 1897 च्या प्लेगात एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवताना रोग लागून गेल्या. त्यांना पुढचे दिसत नव्हते असे नाही. धोका दिसत होता, तरी मूल उचलले.

आपल्या पिढीची परीक्षा 2020 मध्ये झाली. करोनाच्या टाळेबंदीत पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्या मोजक्या माणसांसह एसटीने पंढरपूरला गेल्या, 1 जुलैची आषाढी एकादशी रिकाम्या वाळवंटात झाली. देव आमचे रक्षण करील, आम्ही चालणारच, असा हट्ट वारकरी फडांनी धरला असता तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. लाखो वारकरी घरी राहिले, नामस्मरण केले, पुढच्या वर्षीही तेच केले. माझ्या मते वारकरी पंथाच्या इतिहासातला हा मोठ्या शहाणपणाचा निर्णय होता आणि त्याचे पुरेसे कौतुक झालेले नाही.

शेवटी, हा प्रश्न आज सर्वांत उघडावाघडा कुठे दिसतो ते सांगतो. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास गावोगावचे लोक दिसतात. प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची फाइल, मनगटावर लाल दोरा, खिशात कुठल्या तरी देवाचा अंगारा किंवा क्रूस. नवस-बळींवर आयुष्यभर कोरडे ओढणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा दादरला अशाच रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. तिथे आलेल्यांना किमोचा पुढचा डोस लागू पडेल की नाही हे कुणीच सांगू शकत नाही, डॉक्टरही नाही. त्यांतल्या अनेकांना एव्हाना नातेवाइकांनी, कुणा महाराजांनी, कुणा पास्टरने ऐकवलेले असते की तुमची श्रद्धा कुठेतरी कमी पडली, कुलदेवतेचे काही राहिले, प्रार्थनेत शंका होती.

हे वाक्य बोलणे आपण थांबवले पाहिजे. कीर्तनाच्या गादीवरून, वेदीवरून, मिंबरवरून आणि घरातल्या झोपाळ्यावरूनही. आजारी माणसाच्या विश्वासाचे माप काढण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. त्याच्या घरी जायचेच असेल तर डबा घेऊन जा, एक रात्र उशाशी बसा म्हणजे घरच्यांना झोप मिळेल, रक्त लागत असेल तर द्या, आणि तो देवाशी भांडत असेल तर त्याला भांडू द्या.